चर्चपासून 150 मीटर पूर्वेला

कोस्टा रिकात बँकेचा किंवा दवाखान्याचा फॉर्म हातात घेतला की पत्त्याच्या चौकटीत आधी प्रांत विचारतात, मग कान्तोन, मग दिस्त्रीतो. आपल्याकडच्या जिल्हा-तालुक्याच्या धर्तीची ही उतरंड. त्याखाली दोन-तीन मोकळ्या ओळी सोडलेल्या असतात आणि तिथे छापलेलं असतं ‘ओत्रास सेन्यास’, म्हणजे बाकीच्या खुणा. घर प्रत्यक्षात सापडतं ते या मोकळ्या ओळींमुळे. सान होसेत, म्हणजे तिथल्या राजधानीत, मी राहत होते तेव्हा त्या ओळींत मी असं लिहायचे: सान्ता तेरेसिताच्या चर्चपासून 150 मीटर पूर्वेला, 75 मीटर दक्षिणेला, उजव्या हाताला, काळं फाटक, दुमजली घर. रस्त्याचं नाव नाही, घराला नंबर नाही. टपाल याच पत्त्यावर यायचं, गॅसचा सिलिंडरही याच पत्त्यावर.

खरं तर सान होसेच्या मध्यवर्ती भागात रस्त्यांना रीतसर आकडे आहेत. पूर्व-पश्चिम जाणाऱ्या त्या आवेनिदा, उत्तर-दक्षिण जाणाऱ्या त्या काये. मधोमध आवेनिदा सेन्त्राल आणि काये सेन्त्राल. मधल्या आवेनिदाच्या उत्तरेला सगळ्या विषम, दक्षिणेला सगळ्या सम. मधल्या कायेच्या पूर्वेला विषम, पश्चिमेला सम. एकदा कळलं की डोळे मिटून नकाशा काढता येईल इतकी सुबक रचना आहे. 2012 साली नगरपालिकेने चौकाचौकांत पाट्या लावायलाही घेतल्या. पण रस्त्यावरच्या माणसाला ‘आवेनिदा 9 कुठे?’ असं विचारलं तर तो विचारात पडतो. तोच माणूस चर्च, पुल्पेरीआ म्हणजे कोपऱ्यावरचं किराणा दुकान, शाळा, फुटबॉलचं मैदान यांच्यावरून तुम्हाला अचूक दारात नेऊन सोडतो. पाट्या लागल्या त्याच्या कितीतरी आधी लोकांनी आपलं गाव असं पाठ करून ठेवलं होतं आणि ते पाठांतर मोडायचं त्यांना काही कारण पडलं नाही.

मी पुण्यात स्पॅनिशचा वर्ग केला होता. पत्ता विचारण्याचा धडा प्रत्येक पुस्तकात लवकरच येतो. ‘दोन्दे केदा’ म्हणजे कुठे आहे, ‘कोमो येगो’ म्हणजे कसं पोचू, उजवीकडे, डावीकडे, सरळ. वर्गात दोघं दोघं उभं राहून आम्ही हे संवाद म्हणायचो आणि ते सगळ्यांना छान यायचे. मराठी माणसाला स्पॅनिशचा उच्चार जड जात नाही. त्यांचा त आणि द आपल्यासारखाच दातांना जीभ लावून होतो आणि स्वर स्वच्छ असतात. त्यामुळे आपण प्रश्न विचारला की समोरच्याला वाटतं, हिला भाषा येते. मग तो ज्या वेगाने आपल्या शेजाऱ्याशी बोलला असता त्याच वेगाने उत्तर देतो.

पत्ता विचारायला शिकणं म्हणजे मुख्यतः उत्तर ऐकायला शिकणं. प्रश्न एका ओळीचा असतो आणि तो पाठ करता येतो. उत्तर मात्र प्रत्येकाचं वेगळं असतं आणि त्यात समोरच्याच्या डोक्यातला सगळा मोहल्ला भरलेला असतो. वर्गात आम्ही उत्तरंही पुस्तकातलीच म्हणायचो, म्हणून ही बाजू तिथे कळलीच नाही. ज्यांना स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत राहायला जायचंय त्यांनी तयारीचा वेळ विचारण्यापेक्षा ऐकण्यावर घालवावा, असं मी अगदी मनापासून सांगेन.

कोस्टा रिकातल्या उत्तरात काय काय असतं ते सांगते. आधी एक सगळ्यांना माहीत असलेली जागा, मग मीटर आणि दिशा, मग पुन्हा मीटर आणि दिशा, शेवटी डोळ्यांना दिसेल अशी खूण. मीटर हे टेपने मोजायचे मीटर नव्हेत. एक क्वाद्रा, म्हणजे एका चौकापासून पुढच्या चौकापर्यंतचं अंतर, ते 100 मीटर; मग ते खरोखर कितीही भरो. जुने लोक अजून मीटरऐवजी व्हारा म्हणतात. व्हारा हे जुनं स्पॅनिश माप, साधारण 84 सेंटीमीटरचं. शहराचे चौक 100 व्हारांचे आखले गेले. पुढे माप बदललं तरी शंभराचा आकडा तसाच राहिला. म्हणून 50 म्हणजे अर्धा चौक, 25 म्हणजे कोपऱ्यावरून वळल्यावर लगेच, 75 म्हणजे पुढचा कोपरा दिसू लागला की. हे कळल्यावर मी पावलं मोजणं सोडून चौक मोजायला लागले. ‘त्रेसिएन्तोस’ म्हणजे 300 ऐकलं की तीन बोटं दुमडायची आणि चालायला लागायचं.

दिशांचं काम जरा कठीण. तिथे माणसं ‘डावीकडे वळा’ कमी म्हणतात, ‘उत्तरेला जा’ जास्त. आपल्याकडे शेतावर किंवा वास्तूची चर्चा निघाली की दिशा आठवतात. सान होसेत भाजी आणायला जाणाऱ्या बाईलाही त्या हरघडी ठाऊक असतात. सकाळी ढग नसले की उत्तरेला बार्वा ज्वालामुखीची रांग दिसते, दक्षिणेच्या अंगाला आलाहुएलिताच्या डोंगरावरचा लोखंडी क्रूस दिसतो. मे ते नोव्हेंबर पावसाचे महिने. दुपारनंतर ढग उतरले की डोंगर गायब, आणि परक्या माणसाची दिशा त्यांच्याबरोबर गायब. मला एका शेजारणीने, डोन्या म्हणायचे मी तिला, कारण तिथे वयाने मोठ्या बाईच्या नावाआधी डोन्या लावतात, एक उपाय सांगितला: जुन्या चर्चचं मुख्य दार बहुतेक पश्चिमेला असतं. सान होसेचं कॅथेड्रलही तसंच आहे, त्याचं तोंड पश्चिमेला पार्के सेन्त्रालकडे. दाराकडे पाठ करून उभं राहिलं की समोर पश्चिम, उजव्या हाताला उत्तर. बहुतेक पत्ते चर्चपासूनच सुरू होत असल्यामुळे ही युक्ती रोजच्या रोज उपयोगी पडते.

खरी अडचण होती ती कानाची. पूर्वेला ‘एस्ते’ म्हणतात आणि पश्चिमेला ‘ओएस्ते’. ‘अल एस्ते’ आणि ‘अल ओएस्ते’ हे दोन्ही बोलणाऱ्याच्या तोंडून भरभर येतात, मागून बस जात असते, आणि मधला तो एवढासा ‘ओ’ ऐकू येतो की नाही यावर तुम्ही बरोबर विरुद्ध बाजूला जायचं की नाही हे ठरतं. तीच गत ‘देरेचो’ आणि ‘देरेचा’ची: पहिलं सरळ, दुसरं उजवं. देरेचोचा त्रास कोस्टा रिकात त्यामानाने कमी, कारण तिथले लोक सरळ जा म्हणायला ‘सीगा दिरेक्तो’ म्हणतात. पूर्व-पश्चिमेला मात्र पर्याय नव्हता.

मी मग उत्तर ऐकल्यावर गावाचं नाव घेऊन उलट विचारायला लागले. सान होसेच्या पश्चिमेला ला साबाना, ते मोठं उद्यान जिथे पूर्वी विमानतळ होता. पूर्वेला सान पेद्रो. मग ‘आसिया ला साबाना, ओ आसिया सान पेद्रो?’ म्हणजे साबानाच्या बाजूला की सान पेद्रोच्या, असं विचारलं की शंकाच राहत नाही. सान पेद्रोतच असले तर सान होसे की त्याच्याही पूर्वेचं कुर्रिदाबात. ला साबाना आणि सान पेद्रो यांचा एकमेकांत घोळ कुठल्याही कानाला होणार नाही. शिवाय समोरच्यालाही बरं वाटतं, कारण आपण त्याच्या नकाशात शिरलो हे त्याला दिसतं. ही युक्ती कुठल्याही शहरात चालते. फक्त चार दिशांची चार नावं आधी माहीत करून घ्यायची.

बोलण्याची रीत हाही या कामाचा मोठा भाग आहे. कोस्टा रिकात थेट प्रश्न टाकत नाहीत. आधी ‘बुएनास’, मग ‘दिस्कुल्पे’, मग ‘मे पुएदे आयुदार?’ म्हणजे मला मदत कराल का, आणि समोरचा हो म्हणाल्यावर प्रश्न. आणि सगळ्यांना ‘उस्तेद’. शाळेतल्या मुलाला उस्तेद, नवऱ्याला उस्तेद, घरच्या कुत्र्यालाही उस्तेद म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत. पुण्यात आम्हाला शिकवलेला ‘तू’ तिथे जवळजवळ ऐकूच येत नाही. जवळच्यांत चालतो तो ‘व्होस’. परक्या माणसाने उस्तेदला धरून राहावं, कुणाचाच मान दुखावत नाही. आभार मानले की उत्तर येतं, ‘कोन मूचो गूस्तो’, मोठ्या आनंदाने. आणि म्हातारं माणूस असेल तर ‘देव सोबत असो’ म्हणून निरोप देतं. पत्ता सांगून झाल्यावर इतक्या मायेने निरोप देणारी माणसं मला त्या शहराने दिली आणि त्यांच्याविषयी मला फार जिव्हाळा आहे.

आता मिक्सरचं सांगते. तिथे विजेचा दाब आपल्या निम्मा, सुमारे 120 व्होल्ट, त्यामुळे पुण्याहून नेलेला मिक्सर तिथल्या बटणावर नुसता गुरगुरायचा. दाब वाढवणारा ट्रान्सफॉर्मर घरी बसवून देणारा एक माणूस सान पेद्रोत आहे असं ऑफिसात कळलं. पत्ता मिळाला तो असा: ‘देल आन्तीग्वो इगेरोन, त्रेसिएन्तोस सुर, बेइन्तिसिंको ओएस्ते, कोन्तीग्वो आ ला पेलुकेरीआ.’ जुन्या इगेरोनपासून 300 दक्षिणेला, 25 पश्चिमेला, केस कापायच्या दुकानाला लागून.

इगेरोन म्हणजे उंबर-वडाच्या जातीचं मोठं झाड. सान पेद्रोच्या रस्त्यावर असं एक झाड होतं आणि अख्खा परिसर त्याच्यावरून ओळखला जायचा. ते मूळचं झाड केव्हाच गेलं. ‘आन्तीग्वो’ म्हणजे पूर्वीचा. झाड गेलं तरी पत्ते त्याच्यापासूनच मोजतात, आणि ज्यांनी ते झाड पाहिलंही नाही अशी कॉलेजची पोरंही मोजतात. सान होसेत बसचा एक मोठा तळ आहे, त्याला ‘ला कोका-कोला’ म्हणतात, कारण कधीकाळी तिथे बाटल्या भरायचा कारखाना होता. पुण्याच्या माणसाला यात नवल वाटायला नको. लकडी पुलाला लाकूड कुठे उरलंय? तरी रिक्षावाल्याला आपण लकडी पूलच सांगतो.

बसमधून उतरल्यावर मी आधी इगेरोनचीच जागा विचारली, कारण सुरुवातच चुकीची धरली तर पुढचे सगळे मीटर वाया. हातगाडीवर पपई आणि अननस विकणारा एक मध्यम वयाचा माणूस होता. मी बुएनास म्हटलं, त्याने सुरी खाली ठेवली. ही सुरी खाली ठेवणं मला अजून दिसतं. पत्ता सांगायचा तर दोन्ही हात मोकळे पाहिजेत असा त्याचा विचार असावा. त्याने हाताने कोपरा दाखवला, तो इगेरोन. मग मी सगळा पत्ता म्हणून दाखवला. तो म्हणाला, दक्षिणेला जा, पण पहिला चौक लांब आहे, त्यात मधे एक गल्ली लागते ती मोजू नका. मी म्हटलं, ‘एन्तोन्सेस, तर मग, गल्ली सोडायची, तीन चौक, आणि मग सान होसेच्या बाजूला?’ त्याने मान हलवली, ‘एसो,’ म्हणजे अगदी बरोबर, आणि मग एक गोष्ट स्वतःहून सांगितली जी कुठल्याही नकाशात नव्हती: पेलुकेरीआ दुपारी बंद असते, पत्र्याचं दार खाली ओढलेलं असतं, तेव्हा पाटी दिसणार नाही, निळा रंग बघा.

‘एन्तोन्सेस’ म्हणून उत्तर आपल्या तोंडाने परत म्हणणं, हे मी त्या काळात केलेलं सगळ्यात फायद्याचं काम. व्याकरण मोडकं असलं तरी चालतं. दिशा आणि आकडे परत म्हटले की समोरचा जिथे गरज आहे तिथेच दुरुस्ती करतो, आणि बहुतेक वेळा एक ज्यादा खूणही देतो. जे आपल्याला परत म्हणता येत नाही ते आपल्याला कळलेलं नसतं, हेही तिथल्या तिथे समजतं. मग लाज न बाळगता ‘ओत्रा व्हेस, पोर फाव्होर’, पुन्हा एकदा सांगा. कुणी कपाळाला आठी घातल्याचं मला आठवत नाही.

तीन चौक झाल्यावर कोपऱ्यावर पुल्पेरीआ होती. खिडकीला जाळी, जाळीतून सामान द्यायचं. आतल्या बाईंना मी पूर्ण पत्ता विचारला नाही, फक्त शेवटचा तुकडा: ट्रान्सफॉर्मर करणाऱ्यांचं दुकान पेलुकेरीआच्या या बाजूला की त्या बाजूला? लांबचा पत्ता एकाच माणसाकडून संपूर्ण घेण्यापेक्षा प्रत्येक वळणावर पुढचा तुकडा घ्यावा. पहिल्या माणसाला सुरुवात चांगली माहीत असते, शेवट कोपऱ्यावरच्या दुकानदाराला. बाई जाळीतून बोट बाहेर काढून म्हणाल्या, निळ्या दाराच्या पुढचं फाटक, पण घंटा नाहीये, ऊपे म्हणा.

हे ‘ऊपे’ कोस्टा रिकाचं खास. घरांना पुढे उंच लोखंडी फाटक असतं, दार आत लांब असतं, ठोठावलं तरी ऐकू जात नाही. मग फाटकाशी उभं राहून ‘ऊऽपे!’ अशी हाळी द्यायची. ग्वादालूपेच्या मेरीमातेचं नाव घेऊन हाक मारायचे, त्याचा हा उरलेला शेवट, असं तिथले लोक सांगतात. मी ऊपे म्हटलं, आतून ‘व्हॉय!’ म्हणजे आले, असा आवाज आला. ट्रान्सफॉर्मर मिळाला आणि त्या आठवड्यात घरात ओल्या नारळाची चटणी झाली.

कुणाला विचारावं याचंही एक शहाणपण असतं. पहिला मान पुल्पेरीआवाल्यांचा. मग इमारतींचे आणि गल्ल्यांचे राखणदार. ते दिवसभर एका जागी उभे असतात आणि येणारी-जाणारी प्रत्येक गाडी त्यांना ठाऊक असते. टॅक्सीवाले उत्तम. लाल टॅक्सीच्या मीटरला तिथे ‘मारीआ’ म्हणतात आणि मारीआ चालू केल्यावर ड्रायव्हर नेहमी मोठ्या खुणेपासून पत्ता विचारत जातो, त्याच्याबरोबर दोनदा प्रवास केला की पत्ता सांगण्याचा क्रम आपोआप अंगवळणी पडतो. घाईत चालणाऱ्याला थांबवू नये. आणि कुणी ‘पोर आई’ म्हणजे तिकडेच कुठेतरी, ‘क्रेओ के’ म्हणजे मला वाटतं, अशी सुरुवात केली तर त्याचे आभार मानून एक चौक चालावं आणि दुसऱ्याला विचारावं. त्या माणसाला माहीत नसतं, पण तुम्हाला रिकाम्या हाताने पाठवणं त्याच्या जिवावर येतं. मी या सवयीकडे चांगुलपणा म्हणूनच पाहते. फक्त ऐकणाऱ्याने ती ओळखायला हवी.

ऑफिसात नागपूरचा एक मुलगा नवीन आला. मला तो ताई म्हणायचा. पहिल्याच आठवड्यात म्हणाला, ‘ताई, मॅप असताना लोकायले विचारायचं कायले?’ प्रश्न बरोबर होता. कोस्टा रिकात गाडी चालवणारे जवळजवळ सगळेच वेझ या रस्ता दाखवणाऱ्या ॲपवर चालवतात, आणि लोक एकमेकांना पत्त्याऐवजी त्यातली खूणच पाठवतात. मीही वापरायचे. पण ज्याने पत्ता दिला त्याने खूण पाठवलेली नसली की तुमच्या हातात उरतं ‘आंब्याच्या झाडापासून 50 उत्तरेला’, आणि आंब्याचं झाड फोनला सापडत नाही. पाऊस कोसळत असतो, संध्याकाळी सहाला अंधार पडलेला असतो, कारण विषुववृत्ताच्या इतक्या जवळ वर्षभर दिवस-रात्र जवळजवळ सारखेच, आणि रस्त्यावर फोन हातात धरून उभं राहू नका असं सगळे बजावत असतात. अशा वेळी राखणदाराला विचारावंच लागतं. मी त्या मुलाला चार दिशांची चार नावं आणि 25, 50, 75 एवढंच लिहून दिलं. महिनाभराने तो त्याच्या गल्लीतल्या राखणदाराबरोबर फुटबॉलची मॅच बघत बसलेला मला दिसला.

सान होसेत सरावल्यावर मानाग्वाला, शेजारच्या निकाराग्वाच्या राजधानीला, जायचा योग आला. कोस्टा रिकात कामासाठी आलेली निकाराग्वाची माणसं पुष्कळ. आमच्या ऑफिसातली एक मैत्रीण तिकडचीच. तिच्या आईला नवा चष्मा आणि काही कपडे पोचवायचे होते. सान होसेहून बस पेन्यास ब्लान्कासची सरहद्द ओलांडून मानाग्वाला जाते, दिवस त्यातच जातो. तिने दिलेला पत्ता मी वहीत लिहून घेतला: ‘दे दोन्दे फुए एल आर्बोलीतो, दोस क्वाद्रास अल लागो, ऊना क्वाद्रा आर्रीबा.’ जिथे ते छोटं झाड होतं तिथून दोन चौक तळ्याकडे, एक चौक वर.

मानाग्वात दिशांची नावं वेगळी. उत्तरेला शोलोत्लान हे मोठं तळं, म्हणून उत्तर म्हणजे ‘अल लागो’, तळ्याकडे. सूर्य वर येतो ती पूर्व म्हणजे ‘आर्रीबा’, वर. मावळतो ती पश्चिम म्हणजे ‘आबाहो’, खाली. जमीन दक्षिणेच्या डोंगरांकडून तळ्याकडे उतरत जाते, त्यामुळे नवख्याला ‘वर’ म्हटलं की चढाकडे, म्हणजे दक्षिणेला जावंसं वाटतं. मैत्रिणीने हे निघण्याआधीच मला चार वेळा बजावलं होतं: वर म्हणजे चढ नाही, वर म्हणजे सूर्य. एस्ते-ओएस्तेची भानगडच नाही, हे मात्र मला फार आवडलं. आर्रीबा आणि आबाहो कितीही घाईत बोलले तरी वेगळे ऐकू येतात.

आणि ते ‘दोन्दे फुए’. 23 डिसेंबर 1972 च्या मध्यरात्रीनंतर मानाग्वाला भूकंप झाला आणि शहराचा मध्यभाग जमीनदोस्त झाला. हजारो माणसं गेली. मधला भाग पुन्हा पहिल्यासारखा बांधला गेलाच नाही. जुन्या कॅथेड्रलचं तडे गेलेलं बांधकाम अजून उभं आहे, आत जाता येत नाही. शहर आजूबाजूला पसरलं, पण पत्ते राहिले ते जुन्या शहराचे. जिथे कब्रेरा सिनेमा होता तिथून, जिथे पेप्सी होती तिथून. सान होसेत एखादं झाड किंवा कारखाना गेला होता. इथे शहरच गेलं होतं आणि लोक त्याच्या चौकांवरून अजून घरं शोधत होते. टॅक्सीवाला जेमतेम पंचविशीचा होता. मी ‘दे दोन्दे फुए एल आर्बोलीतो’ म्हटल्यावर त्याने पुढचं काही विचारलं नाही, गाडी सुरू केली. त्याच्या जन्माच्या कितीतरी आधी गेलेली खूण त्याला त्याच्या वडिलांनी दिली असणार. पत्ता ऐकताना माझा घसा दाटून आल्याचा तो एकच प्रसंग.

टॅक्सीतून उतरल्यावर शेवटचा तुकडा मी दारात खुर्ची टाकून बसलेल्या एका आजोबांना विचारला. ते काही बोलले नाहीत. ओठ पुढे काढून त्यांनी रस्त्याच्या पलीकडे खूण केली. निकाराग्वात बोटाने दाखवत नाहीत, ओठांनी दाखवतात, हे मला मैत्रिणीकडून माहीत होतं, म्हणून मी त्यांच्या हातांकडे न पाहता चेहऱ्याकडे पाहत होते. ओठ आर्रीबाच्या बाजूला वळले होते. मी विचारलं, ‘एन्तोन्सेस, ऊना क्वाद्रा आर्रीबा?’ त्यांनी पुन्हा ओठ काढले, या वेळी जरा लांब. तिसऱ्या घराच्या दारात मैत्रिणीची आई उभी होती. तिने आधी चष्मा लावून पाहिला, मग मला जेवायला बसवलं: गायो पिंतो म्हणजे घेवडा घालून परतलेला भात, तळलेलं केळं आणि ताजं चीज. नंतर तिने मला परतीचा रस्ता समजावला तोही आर्बोलीतोपासूनच सुरू करून.

ज्यांना तिकडे जायचंय त्यांनी निघायच्या आधी हे करून बघावं. सान होसेतल्या खानावळींचे, दवाखान्यांचे, दुकानांचे पत्ते इंटरनेटवर याच पद्धतीने लिहिलेले सापडतात. ते घरच्या कुणाला तरी भरभर वाचायला सांगावेत, आपण कागदावर चौक काढत जावं, आणि शेवटी काढलेला रस्ता आपल्या तोंडाने परत म्हणावा. वाचणाऱ्याला स्पॅनिश येत नसलं तरी चालेल, देवनागरीत लिहून द्यावं. आकड्यांत 25, 50, 75, 100, 125, 150, 200, 300 आधी पक्के करावेत. बाकीचे आकडे पत्त्यात क्वचितच लागतात.